मटाराचं बियाणं ठेवलं

फेब्रुवारी, रविवार

यंदा गॅलरीतला मटार जाम रेंगाळला. नोव्हेंबरात पेरला, पण थंडी पडेचना. खारघरला डोंगर जवळ म्हणून पहाटे जरा गारवा असतो तेवढाच, आणि मटाराला तर थंडीच लागते, पारा तिशीच्या वर गेला की फुलं गळतात. वेल वीतभर वाढून नुसता बसून राहिला. शेंगा धरल्या त्या जानेवारीत, त्याही मोजक्याच.

सासूबाई म्हणाल्या, एवढ्याशा शेंगांची काय उसळ होणार, पोह्यात घाल आणि मोकळी हो. मी बियाण्याला ठेवल्या. त्याही शेवटच्या उरल्यासुरल्या नाही हं, खालच्या, पहिल्या धरलेल्या भरदार शेंगा, देठाला लाल लोकर बांधून, म्हणजे कोणी तोडायला नको. लोक चांगलं ते खातात आणि भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, पडलेल्या वेलावरचं किडकंमिडकं बियाण्याला ठेवतात, मग पुढच्या वर्षी उगवलं नाही म्हणून ओरड. असल्या गरम वर्षातही ज्या वेलाने तग धरला त्याचंच बी मला हवंय, एका सीझनने फार फरक पडत नाही म्हणा, तरी.

मटाराचं एक बरं, फूल उमलायच्या आधीच आतल्या आत परागीभवन उरकलेलं असतं, त्यामुळे शेजारच्या कुंडीत दुसरी जात असली तरी सहसा भेसळ होत नाही. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलने १८५६ पासून प्रयोगाला मटार घेतला तो उगाच नाही. काकडी-भोपळ्याचं बी ठेवायचं म्हणजे मधमाश्यांवर पहारा.

शेंगा वेलावरच वाळू दिल्या. आज हलवून बघितल्या तर मस्त खुळखुळल्या, साल कागदासारखी, बोट लावलं की तडकन फुटते. आतले दाणे सुरकुतलेले. नवरा म्हणाला खराब झाले वाटतं. अरे, हा अर्केल जातीचा मटार आहे, याच्यात साखर जास्त आणि स्टार्च कमी, वाळला की सुरकुततोच, गोल गुळगुळीत राहतो तो रगड्याचा पांढरा वाटाणा.

इथली हवा दमट, म्हणून ताटात पसरून पंख्याखाली ठेवलेत. पूर्ण वाळले की घट्ट झाकणाच्या बरणीत भरून थोडे दिवस फ्रीझरला, म्हणजे भुंग्याची अळी आत असली तर मरते. ओलसर असताना मात्र फ्रीझर नको, बीच मरायचं. बरणीवर साल लिहायचं, नीट ठेवलं तर दोन-तीन वर्षं सहज उगवतं.

नखाने दाबून बघत होते, खूण उमटतेय का. तेवढ्यात सासूबाईंनी एक उचलून थेट दाढेखाली धरला. "अगं, दगड आहे नुसता!"

चला, म्हणजे वाळले.