अंगणापलीकडचा राउटर: डेस्कटॉपच्या वाय-फायची उन्हाळी नोंद

जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट बसवून तो घरच्या फायलींच्या साठ्यासाठी वापरण्याचे काम हिवाळ्यातच पूर्ण झाले होते. ही नोंद त्यापुढच्या टप्प्याची, म्हणजे त्याच्या वाय-फायची आहे. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात मार्चपर्यंत ही जोडणी व्यवस्थित चालत होती. एप्रिल लागल्यावर मात्र ती अडखळू लागली आणि भर दुपारी तर पूर्णच तुटू लागली. एका लक्षणामागे किती वेगवेगळी कारणे असू शकतात आणि ती एकमेकांपासून कशी सोडवून घ्यावीत, हे या निमित्ताने नीट तपासता आले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आधी घराची मांडणी सांगणे आवश्यक आहे. खांबावरून येणारी फायबरची तार बैठकीत उतरते, त्यामुळे राउटर तिथेच आहे. संगणक अंगणापलीकडच्या मागच्या खोलीत आहे. बैठकीवर कवेलू आहेत आणि मागच्या खोलीवर टिनाचे पत्रे. भिंती जुन्या, पांढऱ्या मातीच्या आणि दीड-दोन फूट जाडीच्या आहेत. एवढ्या जाड भिंतीतून २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल फारसा पार होत नाही. म्हणून बैठकीच्या उघड्या दारातून अंगणात आणि अंगणातून मागच्या खोलीच्या खिडकीत, असाच त्याचा मुख्य मार्ग होता. संगणकाला २.४ गिगाहर्ट्झवरच चालणारा छोटा यूएसबी अडॅप्टर लावलेला होता.

लाइन पाहायला आलेल्या तंत्रज्ञाने मोबाइलवर वेग तपासला आणि "राउटर बदलावा लागते, भाऊ" असे सुचवले. मोबाइल मात्र त्याने बैठकीतच, राउटरपासून दोन हातांवर धरला होता, त्यामुळे त्या तपासणीतून अंगणापलीकडे काय घडते ते कळण्यासारखे नव्हते. आपण "नेट गेले" म्हणतो तेव्हा दोन निरनिराळ्या गोष्टी त्यात मिसळलेल्या असतात: संगणकापासून राउटरपर्यंतचा हवेतील टप्पा आणि राउटरपासून बाहेरचा तारेचा टप्पा. या दोहोंची चाचणी वेगवेगळी केल्याशिवाय पुढची कोणतीही खटपट व्यर्थ आहे, असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठी दर मिनिटाला काही आकडे वेळेसह फायलीत लिहिणारी छोटी स्क्रिप्ट तयार केली. राउटरच्या १९२.१६८.१.१ या पत्त्यावर पिंग (म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला लागणारा वेळ), बाहेरच्या एका पत्त्यावर पिंग, आणि आयडब्ल्यू या लिनक्सवरील वाय-फायच्या आज्ञेच्या स्टेशन डंपमधून मिळणारे सिग्नल, बिटरेट (माहिती पाठवण्याचा वेग) आणि पुन्हा पाठवलेल्या पॅकेटांची, म्हणजे माहितीच्या छोट्या गठ्ठ्यांची संख्या, एवढेच त्यात होते. हा शेवटचा आकडा फार बोलका असतो. वाय-फायमध्ये प्रत्येक पॅकेटची पोच यावी लागते आणि ती न आल्यास पॅकेट पुन्हा पाठवले जाते. त्यामुळे बिघाड सुरू झाला की आधी उशीर वाढतो आणि पॅकेट हरवणे बरेच नंतर दिसते. विंडोज वापरणाऱ्यांना नेटशेलच्या डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस या आज्ञेतून सिग्नल टक्क्यांत मिळतो, आणि डब्ल्यूलॅनरिपोर्ट या आज्ञेने मागील तीन दिवसांतील जोडण्या आणि तुटण्या आलेखासह समोर येतात.

पडद्याच्या कोपऱ्यातील दांड्यांवर विसंबू नये. सिग्नल डीबीएममध्ये, म्हणजे शक्तीच्या डेसिबल मापात वाचावा आणि ते माप लॉगरिदमी आहे हे ध्यानात ठेवावे: तीन डेसिबलची घट म्हणजे शक्ती निम्मी, दहाची घट म्हणजे दहावा हिस्सा. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ च्या आसपास काम निर्वेध चालते, आणि उणे ७५ च्या खाली गेल्यावर तक्रारी सुरू होतात.

काही दिवसांची फाइल पाहताच बाहेरच्या तारेची बाजू संशयातून मोकळी झाली. राउटरची पिंग चांगली असताना बाहेरचीही चांगलीच होती. बिघडत होता तो हवेतील टप्पा. मात्र तो एकाच प्रकारे बिघडत नव्हता. आकडे शेजारी ठेवून वाचल्यावर तीन निरनिराळे नमुने दिसू लागले.

पहिला नमुना असा की सिग्नल ठीक, पुन्हा पाठवण्याचे प्रमाण कमी, तरीही संगणक स्वस्थ असताना राउटरची पिंग तीन मिलिसेकंदांवरून शंभर-दोनशेवर जाते. ही वीजबचतीची खूण आहे. अडॅप्टर मधूनमधून झोपतो, राउटर त्याची पॅकेटे राखून ठेवतो आणि पुढच्या बीकनच्या, म्हणजे आपण हजर असल्याच्या ठरावीक हाकेच्या वेळी ती देतो. हे बीकन साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी निघतात, म्हणून उशीरही त्याच मापाचा असतो. मिंट आणि उबुंटूमध्ये नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ-डी फोल्डरात वाय-फाय पॉवरसेव्हची फाइल असते, तिच्यातील ३ हा आकडा २ केला की ही बचत बंद होते. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधील पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर तशीच सोय आहे. सतत विजेवर चालणाऱ्या डेस्कटॉपला या बचतीचा काही उपयोग नाही, ती सरळ बंद करावी.

दुसरा नमुना संध्याकाळी, फायलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवताना दिसत असे. सिग्नलचा आकडा जागचा हलत नव्हता, परंतु बिटरेट ७२ वरून ६.५ मेगाबिटपर्यंत घसरत होता आणि पुन्हा पाठवलेल्या पॅकेटांची संख्या भराभर वाढत होती. आवाज तोच राहून भोवतीचा गोंगाट वाढावा, तसा हा प्रकार. यूएसबी ३ मधून सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने माहिती वाहते, आणि त्या विद्युत लहरींचा पसारा २.४ ते २.५ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचतो. पोर्ट, केबल आणि डिस्क या तिन्हींतून तो बाहेर झिरपतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर टिपण प्रसिद्ध केले होते, तरीही अडॅप्टर यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टात डिस्कच्या शेजारी खोचण्याची पद्धत सर्वत्र दिसते. काळ्या, यूएसबी २ च्या पोर्टाला दोन मीटरची वाढीव केबल जोडून अडॅप्टर कॅबिनेटपासून दूर नेला, आणि प्रत उतरत असतानाही बिटरेट स्थिर राहू लागला.

तिसरा नमुना दुपारचा होता आणि जोडणी पूर्ण तुटत होती ती याच वेळी. येथे सिग्नलच कोसळत होता. सिस्टीमच्या लॉगमध्ये तुटण्याचे कारण क्रमांक ४ आणि ते संगणकानेच दिल्याची नोंद होती. याचा अर्थ राउटरने जोडणी तोडलेली नसून संगणकाला त्याचे बीकनच ऐकू येईनासे झाले होते. त्याच लॉगमध्ये यूएसबी डिस्कनेक्ट अशी ओळ आढळली असती, तर शोध विजेच्या दिशेने न्यावा लागला असता, ती नव्हती. तरीही आमच्याकडे उन्हाळ्यात व्होल्टेज इतके खाली येते की राउटरचा पुरवठा तपासून घेणे इष्ट वाटले. राउटर सुरू असताना मल्टिमीटरने मोजल्यावर १२ व्होल्ट स्थिर मिळाले. त्याच्या विजेच्या अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले आहे, त्यामुळे पंखा मंदावण्याइतके कमी व्होल्टेज तो सहज सोसतो.

मग सिग्नलचा आकडा कोणत्या दिवसापासून बदलला ते मागे जाऊन पाहिले. आधी तो उणे ६२ च्या आसपास होता. एका विशिष्ट दुपारनंतर तो सकाळी उणे ७० आणि दुपारी उणे ७९ असा झाला होता, आणि त्याच दुपारी आम्ही मागच्या खोलीच्या खिडकीत कूलर बसवला होता. उणे ६२ वरून उणे ७९ म्हणजे शक्ती सुमारे पन्नासाव्या हिश्श्यावर आली.

कूलरमधील नेमकी कोणती गोष्ट आड येते हे जाणून घेणे मला महत्त्वाचे वाटले, कारण उपाय त्यावरच ठरणार होता. आधी मोटर बंद करून आकडा पाहिला. काहीच फरक पडला नाही, म्हणजे मोटरचा विद्युत गोंधळ कारणीभूत नव्हता. नंतर टाकी रिकामी केली आणि वाळ्याचे पॅड वाळू दिले, तेव्हा दोन-तीन डेसिबलचीच सुधारणा झाली. पाणी या लहरी शोषून घेते हे खरे आहे, परंतु मुख्य अडथळा पाण्याचा नव्हता. शेवटी भावाच्या मदतीने कूलर लोखंडी स्टँडसकट बाजूला सरकवला आणि आकडा तत्काळ उणे ६२ वर परतला. जस्ती पत्र्याची ती पेटी खिडकीचा संपूर्ण चौकोन झाकत होती आणि सिग्नल तिच्यावर आदळून अंगणात परतत होता.

सकाळ आणि दुपार यांतील फरकाचा उलगडाही त्यातूनच झाला. सकाळी खोलीचे दार उघडे असते, तेवढा एक आडमार्ग सिग्नलला मिळतो. दुपारी झळा आत येऊ नयेत म्हणून टिनपत्र्याचे ते दार ओढून घेतले जाते, कूलरची हवा खोलीच्या मागच्या बाजूच्या दुसऱ्या खिडकीने बाहेर पडते, आणि अंगणाकडची बाजू सगळीच पत्र्याने बंद होते. दार उघडे आणि बंद ठेवून घेतलेल्या आकड्यांत हाच फरक पुन्हा पुन्हा मिळाला.

विदर्भाच्या उन्हाळ्यात कूलर हलवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हलवायचा तो अँटेना. खिडकीच्या वर भिंतीत एक झरोका आहे. बाहेरचा अँटेना असलेला अडॅप्टर घेऊन तो वाढीव केबलने त्या झरोक्यात ठेवला. यूएसबी २ ची केबल पाच मीटरपेक्षा लांब असू नये, आमचे काम तीन मीटरमध्ये भागले. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर असते आणि टिनाच्या पत्र्यावरून परतणाऱ्या लहरी मूळ लहरीत मिसळतात, त्यामुळे अडॅप्टर दोन-तीन बोटे सरकवला तरी आकडा पाच-सहा डेसिबलने बदलतो. म्हणून एकाने पडद्यावरचा आकडा वाचावा आणि दुसऱ्याने अडॅप्टर सावकाश सरकवावा. राउटरचे अँटेना उभे असतील तर हाही उभाच ठेवावा. आता कूलर जागेवर, दार बंद आणि टाकी भरलेली असतानाही आकडा उणे ५७ च्या आसपास राहतो आणि दुपारचे तुटणे थांबले आहे.

अंगणावरून लॅन केबल का टाकली नाही, असे विचारले जाईल. शंभर मीटरची मर्यादा दूर होती आणि वेगही अधिक मिळाला असता. परंतु उघड्यावरची तांब्याची तार जूनच्या गडगडाटात विजेचा धक्का दोन्ही टोकांच्या यंत्रांपर्यंत आणू शकते, आणि आमच्या शिवारात वीज पडण्याचे प्रसंग नवे नाहीत. फायबर टाकता आली असती, मात्र तिच्या दोन्ही टोकांना लागणाऱ्या कन्व्हर्टरचा खर्च या कामाच्या मानाने अधिक वाटला.

एक किरकोळ दुरुस्ती उरली होती. वीज जाऊन आली की राउटर आपोआप नवा चॅनल, म्हणजे त्याच बँडमधील वेगळा पट्टा निवडत असे. भारतात २.४ गिगाहर्ट्झवर १ ते १३ चॅनल वापरता येतात, परंतु अमेरिकी बाजारासाठी बनवलेली कार्डे सहसा ११ पर्यंतच ऐकतात, आणि मग मोबाइलवर दिसणारे नाव संगणकावर दिसत नाही. गावात शेजारची नेटवर्क मोजकी आहेत. राउटर ११ वर कायम केला आणि तो विषय मिटला.

नवा अडॅप्टर ५ गिगाहर्ट्झवरही चालतो. त्या लहरी भिंतीत आणखी लवकर दमतात, पण झरोक्यातून राउटर जवळजवळ समोर दिसतो, त्यामुळे ती चाचणी आता सुरू केली आहे. पाऊस लागल्यावर कूलर निघेल, खिडकी मोकळी होईल आणि मातीच्या भिंती ओल धरतील. त्या वेळी दोन्ही बँडवर हीच मापे पुन्हा घेऊन पुढच्या नोंदीत मांडीन.