टायर आतून खातोय! आमच्या कामाची वाटचाल

सुरुवातीची दोन वर्षं आम्ही खरं तर रुबाब विकत होतो. टायर त्याच्यासोबत जायचे. गिऱ्हाईक यायचं, मोठे रिम हवेत म्हणायचं, आम्ही 18 इंची बसवून द्यायचो. गाडी खाली घेतलेली, टायर आणि फेंडर यांच्यात जेमतेम बोटभर फट, रिम चकचकीत. फोटो काढून झाला की आमचं काम संपलं. मी आणि माझा मावसभाऊ, दोघांनी मिळून हे टायर-रिमचं दुकान सुरू केलं. तो मशीनवरचा माणूस, मी हिशेब आणि गिऱ्हाईक सांभाळणारा. दोघांनाही गाड्यांचं वेड, आणि वेड असलं की आपल्याला कळतंही असं उगाच वाटायला लागतं.

जमिनीवर आणलं एका कूपेने. आम्हीच तिला नवे टायर घातले होते. चार महिन्यांनी मालक परत आला. म्हणाला, मागून घुंघुं आवाज येतोय, बेअरिंग गेलं असावं. उभ्या गाडीचे टायर बघितले तर नक्षी चांगली पाच-सहा मिलिमीटर शिल्लक. भावाने गाडी रॅम्पवर उचलली, मागच्या टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवला आणि एकदम झटकला. बोटाला तार लागली होती. बाहेरची कड जवळजवळ नवी, आणि आत रबर संपून पोलादी जाळी उघडी पडलेली. त्याच टायरवर तो माणूस आदल्या दिवशी दीडशेच्या वेगाने गेला होता, तेही त्याने हसत सांगितलं.

“तुम्हीच बसवले ना?” एवढंच विचारलं त्याने. काय बोलणार? खाली घेतलेल्या स्प्रिंगा त्याने आम्हाला कौतुकाने दाखवल्या होत्या. तरी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करून घ्या असं आम्ही तोंडातून काढलं नव्हतं. मागची जोडी आम्ही पदरचे पैसे घालून बदलून दिली.

मॉड केलेल्या गाडीचा टायर आतून खायला लागला की सगळे कॅम्बरला, म्हणजे चाकाच्या उभ्या झुकावाला, शिव्या घालतात. गाडी खाली घेतली की बहुतेक सस्पेन्शनमध्ये चाकाचा माथा आत झुकतो, हे खरंच आहे. पण नुसत्या कॅम्बरने टायर इतक्या झपाट्याने जात नाही. कॅम्बरबरोबर ‘टो’ हा दुसरा कोनही हलतो, म्हणजे चाक सरळ पुढे न बघता किंचित तिरकं बघतं, आणि रबर खरं तर तिथे जातं. मी त्या रात्री कागदावर गणित मांडलं. चाक 0.2 अंश तिरकं असेल तर दर किलोमीटरला ते रस्त्यावर साडेतीन मीटर आडवं घासत जातं. 0.2 अंश डोळ्याला दिसतसुद्धा नाहीत. त्यात कॅम्बरमुळे वजन आतल्या कडेवर, म्हणजे घासायची जागाही ठरलेली. दोघं मिळून टायर फस्त करतात.

मग आम्ही जुनं अलाइनमेंट मशीन घेतलं. ते घेण्याआधी भाऊ महिनाभर कुरकुरत होता, आता त्याला हात लावू देत नाही कुणाला. आम्ही अलाइनमेंट करताना मालकाला ड्रायव्हर सीटवर बसवतो. पेट्रोल नेहमीइतकं आणि हवा आधी तपासलेली हवी. कडक, खालच्या स्प्रिंगांच्या गाडीत माणूस बसला की आकडे बदलतात. मालक आत कंटाळतात, मोबाइल बघत बसतात, बसू देत.

त्याच सुमारास वही सुरू झाली. गाडी आली की आधी वही: कंपनीचा मूळ साइज, आत्ताचा साइज, रिमची रुंदी, ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसतो ते), स्प्रिंगा, चारही टायरची नक्षी आतून-मधून-बाहेरून, आणि एक प्रश्न, ‘गाडी चालवता कुठे?’ याचं उत्तर बहुतेक जण आधी चुकीचं देतात. ट्रॅकवर, म्हणतात. खोदून विचारलं की कळतं, वर्षातून दोनदा ट्रॅक आणि रोज ऑफिस. अशा माणसाला सेमी-स्लिक, म्हणजे ट्रॅकसाठीचे टायर, विकणं म्हणजे त्याला पहिल्या पावसात संकटात ढकलणं. त्या टायरची खाच मुळात उथळ, रबर गरम झाल्याशिवाय धड पकडत नाही, आणि थंडीत पारा सातच्या खाली गेला की साध्या समर टायरचं रबरही कडक पडतं, मग याचं काय सांगायचं?

साइजचा हिशेब आम्ही गिऱ्हाइकासमोरच करतो. समजा कंपनीने 205/55 आर 16 दिलाय. 205 ही रुंदी मिलिमीटरमध्ये, 55 म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या 55 टक्के, 16 हा रिमचा व्यास इंचात. 205 चे 55 टक्के 112.75, वर-खाली धरून दुप्पट 225.5, त्यात 16 इंच म्हणजे 406.4 मिळवले की चाक 631.9 मिलिमीटर. आता 225/40 आर 18 घेतला तर 637.2 येतात, फरक एक टक्क्याच्या आत. चालेल. पण दिसायला भरदार म्हणून कुणी 235/45 आर 18 मागतो, तो 668.7 भरतो, जवळपास सहा टक्के मोठा. काटा 100 दाखवेल तेव्हा गाडी 106 ने धावत असेल, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या लायनरला घासेल. कागदावर आकडे दिसले की माणूस वाद घालत नाही.

व्यास जुळला तरी एक गोष्ट राहते, आणि ती आम्ही स्वतः बरीच वर्षं बघत नव्हतो. साइजच्या पुढचा आकडा. मूळ टायरवर 91 असेल तर त्याचा अर्थ एक टायर 615 किलो पेलतो. 225/40 आर 18 साध्या बांधणीत 88 चा मिळतो, म्हणजे 560 किलो. गाडीचं वजन तेवढंच, उलट स्पीकर आणि वूफर घालून वाढवलेलं! तोच साइज एक्सएल, म्हणजे जास्त वजन पेलणाऱ्या, बांधणीत 92 चा असतो, 630 किलोचा. आम्ही तोच बसवतो. मात्र एक्सएल आपलं पूर्ण वजन जास्त हवेवर पेलतो, त्यामुळे दारावरच्या स्टिकरवरचा जुना प्रेशरचा आकडा तसाच भरून भागत नाही. शेवटचं अक्षर वेगाचं: व्ही 240 पर्यंत, डब्ल्यू 270, वाय 300. इंजिनाची ताकद वाढवून घेतलेल्या गाडीला मूळपेक्षा खालचं अक्षर आम्ही घालत नाही, स्वस्त पडतंय म्हणून तर मुळीच नाही.

एक फजिती सांगतो. एका गाडीला नवे रिम-टायर बसवले आणि नव्वदच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. बॅलन्सिंग केलं, मशीनवर शून्य. पुन्हा रस्त्यावर तेच. तिसऱ्यांदाही शून्य. भावाला वाटलं मशीन बिघडलं. मला वाटलं भाऊ बिघडलाय. शेवटी चाक काढून मधलं भोक मोजलं: 73.1 मिलिमीटर. गाडीचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, 67.1. बाजारातले रिम अनेक गाड्यांना बसावेत म्हणून मोठ्या भोकाचे करतात आणि मधली जागा भरायला प्लास्टिकची किंवा अॅल्युमिनियमची रिंग घालायची असते. ती रिंग खोक्यातच राहिली होती, आणि खोकं आम्ही रद्दीवाल्याला दिलं होतं. मशीनवर चाक कोनने मधोमध धरलं जातं म्हणून शून्य, गाडीवर ते नुसत्या नटांवर लटकतं म्हणून थरथर. तेव्हापासून खोकं फेकायच्या आधी हलवून बघतो.

ट्रॅकवर जाणारी मंडळी जोडली गेली तशी आमची शाळा नव्याने भरली. हवा हा विषय आम्हाला येतो असं वाटत होतं. टायर तापला की दर पाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआय हवा वाढते. थंड असताना 32 भरलेला टायर चार-पाच फेऱ्यांनंतर 38 दाखवतो. मग मंडळी गरम टायरमधून हवा सोडून 32 वर आणतात आणि संध्याकाळी तशीच घरी जातात. सकाळी थंड टायर 27 वर. त्या हवेवर खड्ड्यातून गाडी गेली की कमी उंचीच्या टायरची बाजू रिम आणि खड्ड्याच्या कडेत चेपते, आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगवटा येतो. फुगवटा आलेला टायर दुरुस्त होत नाही. फेकायचा.

आम्ही सुईचा थर्मामीटर घेतला. गाडी पिटमध्ये थांबली रे थांबली की सुई रबरात खुपसून आत, मध्ये, बाहेर असे तीन आकडे घ्यायचे. लांबून रोखायची लेझरची बंदूक फक्त वरचा थर मोजते आणि तो क्षणात थंड होतो, म्हणून सुईच बरी. एका गाडीचे आकडे आले 92, 84, 71. मालक म्हणाला, हवा कमी-जास्त करू. पण मधला आकडा दोन्ही कडांच्या सरासरीजवळच होता, म्हणजे हवेत फार चूक नव्हती. आत-बाहेर 21 अंशांचा फरक म्हणजे कॅम्बर गरजेपेक्षा जास्त. अर्धा अंश कमी केला आणि पुढच्या फेऱ्यांत बाहेरची कडही कामाला लागली.

जुन्या टायरवरून मात्र आमची गिऱ्हाइकं तुटतात. कुणी वापरलेला, ‘नव्यासारखा’ सेट आणतं, बसवून द्या म्हणतं. आम्ही आधी टायरच्या बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे बघतो: 2315 म्हणजे 2015 सालातला तेविसावा आठवडा. मग हार्डनेस मीटर टेकवतो. नवा स्पोर्ट्स टायर आमच्या मीटरवर 60-65 दाखवतो. असा एक ‘नव्यासारखा’ 80 च्या वर गेला होता. नक्षी पूर्ण होती, पण रबर पाटीसारखं. 2013 मध्ये अभिनेता पॉल वॉकर ज्या पोर्श करेरा जीटीच्या अपघातात गेला, तिचे टायर सुमारे नऊ वर्षांचे असल्याचं तपासात आढळलं. तपास यंत्रणेने मुख्य कारण वेगच दिलं, पण टायरच्या वयाचीही नोंद केली. कायद्याने बऱ्याच देशांत 1.6 मिलिमीटर नक्षी पुरते, वयाचं बंधन सहसा नसतं. आम्ही आमच्यापुरतं घातलंय. खूप जण रागावून गेले, काही परत आले.

ताणून बसवलेल्या टायरवरून आमच्या घरातच भांडण होतं. 225/45 आर 17 ला साधारण सात ते साडेआठ इंच रुंद रिम लागतो. दहा इंची रिमवर तो ताणून बसवला की गाडी दिसते भन्नाट, हे मी मान्य करतो. पण बाजू तिरकी ताणली जाते, रिमची कड उघडी पडते आणि जोरात वळण घेताना बीड, म्हणजे रिमला धरून बसणारी टायरची कड, सुटायची भीती. भाऊ म्हणतो, “अरे, शोच्या गाड्या आहेत, ट्रेलरवरून जातात.” मी म्हणतो, घरी कशावरून जातात? सध्या आम्ही ते काम घेत नाही. भाऊ अजून नाराज आहे.

आता निम्म्याहून अधिक गिऱ्हाइकांचे दोन सेट असतात, एक रोजचा, एक ट्रॅकचा, आणि दुसरा आमच्याच मागच्या खोलीत राहतो. अंधारी, कोरडी खोली. कॉम्प्रेसरची मोटर मुद्दाम दुसरीकडे हलवली, कारण मोटरच्या ठिणग्यांतून ओझोन होतो आणि त्याने रबराला चिरा पडतात. काढलेल्या प्रत्येक टायरवर पिवळ्या खडूने जागा लिहितो: डावा पुढचा ‘डापु’, उजवा पुढचा ‘उपु’, डावा मागचा ‘डामा’, उजवा मागचा ‘उमा’. नवीन लागलेला पोरगा आठवडाभर गप्प होता. मग हळूच विचारलं, “काका, ही उमा कोण? तिचे एवढे टायर?”

तेव्हापासून गिऱ्हाईकही त्याच भाषेत बोलतं. गेल्या महिन्यात त्या पहिल्या कूपेवाल्याचा सकाळी मेसेज आला: “डापु 33, उपु 33, डामा 33, उमा 28. काल रात्री सगळे 33 होते. येऊ का?” या म्हटलं, पण हवा भरून, हळू. चाक पाण्याच्या टाकीत बुडवलं. नक्षीत खिळा नाही, व्हॉल्व्ह ठीक. मग रिमच्या आतल्या कडेपाशी बुडबुड्यांची बारीक माळ दिसली. टायर उतरवून बघितलं तर केस जाईल एवढी चीर. टायर आतून नीट तपासला, त्याला काही झालं नव्हतं. रिम मात्र वहीतून खोडला.