कॅमेरा बसला, आता आमचं काय?

आज गोव्यात वेरण्याला आमच्या औषध कारखान्याच्या पॅकिंग लाइनवर तपासणीचा कॅमेरा बसला. पट्टीत गोळी तुटकी असली की हवेचा झोत, पट्टी थेट बाजूला. आजवर हे आमच्या बायकांचे डोळे करायचे. शिफ्ट सुटेपर्यंत कोणी धड बोललं नाही. बसमध्ये कुडचड्याचे काका म्हणाले, "2012 ला खाणी बंद पडल्या, ट्रक विकून इथं आलो. आता कुठं जाऊ?"

यंत्र हवंच, खराब गोळी रुग्णाच्या हातात पडू नये. पण त्यापायी कामगार कमी करणार असाल तर कायद्याने 21 दिवस आधी नोटीस द्यावी लागते. आणि कंत्राटी बायकांना कोण विचारणार? कॅमेऱ्याचं ट्रेनिंग आधी त्यांनाच द्या. खराब पट्टी त्यांच्याइतकी कोण ओळखतं?