लोकलमध्ये प्लॅन बी
आज सकाळी लोकलमध्ये बऱ्याच दिवसांनी प्लॅन बी या ब्रिटिश रॅपर-गायकाचा 'द डिफमेशन ऑफ स्ट्रिकलंड बँक्स' हा अल्बम लावला आणि ऑफिसला पोचेपर्यंत अख्खा ऐकला. २००६ च्या पहिल्या अल्बममध्ये हाच ईस्ट लंडनचा पोरगा गिटार घेऊन रागाने रॅप करायचा, एकदम अंगावर येणारं, आणि २०१० मध्ये इतक्या हळव्या, उंच आवाजात सोल (कृष्णवर्णीय अमेरिकनांचं भावपूर्ण संगीत) गातो की विश्वासच बसत नाही. अल्बममध्ये गोष्ट आहे एका सोल गायकाची, न केलेल्या गुन्ह्यासाठी जेलमध्ये जातो तो. 'शी सेड' या गाण्यात कोर्ट सुरू होतं आणि मधेच रॅप येतो ना, तिथे आजही काटा आला. म्हणजे रॅप सोडला नाहीच त्याने, गाणं पुरत नाही तिथे बरोबर आणला. उतरल्यावर प्लॅटफॉर्मवर दोन मिनिटं तसाच उभा होतो, शेवटचं गाणं संपेपर्यंत.