नोकरी सोडून तीन कामं धरली त्याची गोष्ट

२०१७ च्या मार्चमध्ये नोकरी सोडली तेव्हा प्लॅन वगैरे काहीच नव्हता हे आधीच सांगते, कारण हल्ली बऱ्याच मुली विचारतात की ताई, सस्टेनेबिलिटी म्हणजे पर्यावरण जपण्याचं काम, विज्ञानलेखन आणि योगाचे क्लास हे तिन्ही कसं जमवलंस, आणि त्यांना वाटतं मी कुठेतरी वहीत आखून ठेवलं होतं.

पुणे विद्यापीठातून पर्यावरणशास्त्रात एमएस्सी, मग बाणेरला एका कन्सल्टन्सीत आठ वर्षं प्रोजेक्टचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचे रिपोर्ट लिहायचे. शेवटचा रिपोर्ट नदीकाठच्या एका प्रोजेक्टचा होता, पाण्याचे नमुने एकाच दिवशी घेतलेले, तेही भर पावसाळ्यात, जेव्हा धरणातून पाणी सोडलेलं असतं आणि मुठा त्यातल्या त्यात स्वच्छ दिसते, आणि त्यावर मला लिहायला सांगितलं की परिणाम नगण्य. मी ते लिहिलं. ते अजूनही सलतं. त्यानंतर दोन महिन्यांत राजीनामा दिला, आई म्हणाली, "अगं एक काहीतरी धड धर", आणि तिचं चुकीचं नव्हतं, घरचे हप्ते चालू होते.

पहिलं काम आमच्याच सोसायटीत मिळालं, कर्वेनगरला. ओल्या कचऱ्याचे पिट बांधले होते पण वास इतका की तळमजल्यावरचे लोक खिडक्या उघडत नव्हते. मी हौसेने नोटीस लावली, कार्बन नायट्रोजनचं प्रमाण ३० ला १ हवं वगैरे. कोणी वाचली नाही. आमच्याकडे येणाऱ्या, कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेतल्या ताईंनी मात्र पिटात हात घालून दाखवलं की बघ, चिखल झालाय, हवाच नाही आत. तेच खरं कारण होतं, हवा नसली की कुजवणारे जंतूच बदलतात आणि वास सुटतो. मग नोटीस बदलली: एक बादली ओला कचरा, वर दोन बादल्या वाळलेला पाला, आठवड्यातून एकदा खालीवर. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्यात ढिगाने पडणारा, आणि लोक सर्रास जाळतात तो पाला आम्ही पोत्यात भरून ठेवला. तीन आठवड्यांत वास गेला. त्याच पिटात लोकांनी ‘विघटनशील’ लिहिलेल्या पिशव्या टाकल्या होत्या, त्या सहा महिन्यांनीही जशाच्या तशा निघाल्या, कारण त्यातल्या बऱ्याच पिशव्यांना मोठ्या प्लांटमधली साठेक डिग्रीची सलग उष्णता लागते, सोसायटीच्या पिटात ती टिकत नाही. त्यावर मी मराठीत लेख लिहिला, तो माझा पहिला छापून आलेला लेख, मानधन मिळालं ५०० रुपये. विज्ञानलेखन म्हणजे काय ते मला त्या ताईंच्या एका वाक्याने शिकवलं असं मी आजही मानते.

योगाकडे पाठदुखीमुळे गेले. नोकरीत असल्यापासून एका बॅचला जायचे, पुढे सर्टिफिकेटचा कोर्स केला, आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा दिली आणि २०१९ ला सकाळी ६ ची स्वतःची बॅच सुरू केली. इथे मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं, कारण योगाच्या क्लासमध्ये लोकांना मोठमोठी वाक्यं ऐकायची सवय असते. पिळाच्या आसनांनी शरीरातली विषं बाहेर पडतात असं मी म्हणावं अशी अपेक्षा होती, मी म्हटलं ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, पिळाने पाठ मोकळी होते आणि तेवढं पुरे आहे. दोघीजणी बॅच सोडून गेल्या. वाईट वाटलं पण बदलले नाही. धीर आला तो लोणावळ्याच्या कैवल्यधामचा इतिहास वाचून. स्वामी कुवलयानंदांनी ते १९२४ ला स्थापन केलं, आणि त्याच सुमारास नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळायची क्रिया, करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो हे यंत्र लावून मोजून बघितलं होतं. म्हणजे मोजून मग बोलायचं ही आपल्या इथलीच रीत आहे, शंभर वर्षं जुनी! तेव्हापासून नवीन माणूस आला की मी आधी बीपी, काचबिंदू आणि मणक्याचं विचारते, काचबिंदू असेल तर शीर्षासन नाही म्हणजे नाही, डोळ्यातला दाब वाढतो.

पैशाचं स्पष्ट सांगते, कारण ते कोणी सांगत नाही. पहिली दोन वर्षं नोकरीच्या निम्मेही मिळाले नाहीत. लॉकडाऊनमध्ये बॅच ऑनलाइन झाली तीच घर चालवत होती. २०२२-२३ पासून सेबीने शेअर बाजारातल्या बाजारमूल्याने पहिल्या १००० कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला तेव्हा कंपन्यांची कामं परत यायला लागली, आता ती मी घेते पण आकडे कुठून आले ते बघायला मिळणार असेल तरच. नोकरदारांना मिळतो तसा पगार आणि कराचा दाखला नसतो, कंपन्या टीडीएस कापून पैसे देतात आणि तेही महिना दोन महिन्यांनी, बँकेने कर्जासाठी तीन वर्षांची रिटर्न मागितली, त्यामुळे सीए पहिल्या वर्षीच धरा.

परवा बॅचमधल्या एका काकूंनी आसनं झाल्यावर सतरंजी गुंडाळता गुंडाळता विचारलं, त्यांच्या सोसायटीतल्या पिटाला वास येतोय, बघायला येशील का. मी तशीच त्यांच्यासोबत गेले, पाला कमी पडत होता.