तुम्ही विचारलंत म्हणून: कपाटातला शेवयांचा देव

"बाई, तुम्ही चतुर्थी धरता, घरी सांजवात करता. मग प्रयोगशाळेच्या कपाटात देवाची टिंगल करणारं ते चित्र कशाला?" पालकसभेला दरवर्षी कुणीतरी हे विचारतंच. तिथे घाईत नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

आधी चित्राबद्दल. मायकेलअँजेलोच्या प्रसिद्ध चित्रात आदम आडवा रेलून हात पुढे करतो आणि समोरून देव बोट पुढे करतो. मांडणी तीच, पण देवाच्या जागी शेवयांसारख्या स्पॅगेटीचा मोठा गुंता तरंगतोय. त्यात खिम्याचे दोन गोळे, वर दोन देठांवर डोळे, आणि एक लांब शेवई आदमच्या बोटापर्यंत आलेली. हा 'उडता स्पॅगेटी राक्षस'. त्याला मानणारे स्वतःला पास्ताफेरियन म्हणवतात.

2005 साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या शिक्षण मंडळात वाद पेटला होता. सजीव सृष्टी कुणा बुद्धिमान कर्त्याने रचली, या 'इंटेलिजंट डिझाइन'च्या कल्पनेला विज्ञानाच्या तासाला उत्क्रांतीच्या शेजारी जागा द्यायची का? बॉबी हेंडरसन या भौतिकशास्त्र शिकलेल्या तरुणाने मंडळाला पत्र लिहिलं. कर्ता शिकवणार असाल तर माझा शेवयांचा कर्ताही शिकवा, तासाचे तीन सारखे वाटे करा, अशी त्याची मागणी होती.

त्या पत्रातला एक मुद्दा मी दरवर्षी नववीला सांगते. शास्त्रज्ञ कार्बनवरून वस्तूचं वय काढतो, तेव्हा राक्षस अदृश्यपणे तिथे येऊन आपल्या शेवईने आकडा बदलतो. मुलांना म्हणते, खोडून दाखवा. ती तुटून पडतात. "बाई, दुसऱ्या यंत्रावर मोजू." तिथेही तो येतो. "दहा वेळा मोजू." दहाही वेळा येतो. हळूहळू वर्ग गप्प होतो. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, "म्हणजे याच्यावर प्रयोगच करता येणार नाही." या वाक्याची मी वाट बघत असते. जे कुठल्याच निरीक्षणाने खोटं ठरू शकत नाही, ते विज्ञानाच्या तासाला बसत नाही. त्याची जागा वेगळी. माझ्या घरी ती देव्हाऱ्यात आहे, आणि तिथे मी कार्बन मोजायला जात नाही.

टिंगल आहे, हे मी नाकारत नाही. ज्यांची श्रद्धा दुखावली त्यांचं दुःख खोटं नाही. पण हेंडरसनने कुणाच्या घरच्या देवाला हात लावला नव्हता. सरकारी शाळेत काय शिकवायचं हे ठरवणाऱ्यांना त्याने विचारलं होतं, की एका श्रद्धेला दार उघडलंत तर दुसरीला कुठल्या नियमाने अडवणार? हा प्रश्न श्रद्धावंतांनीच आधी विचारायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

पुढे हे प्रकरण फार पसरलं. ऑस्ट्रियात निको आल्म या पास्ताफेरियनने, चाळणी हे आपलं धार्मिक शिरस्त्राण आहे असं सांगत, डोक्यावर पास्ता निथळायची चाळणी घालून काढलेला फोटो वाहन परवान्यासाठी दिला. 2011 मध्ये परवाना मिळाला, पण धर्म म्हणून नव्हे, चेहरा पूर्ण दिसतो म्हणून. 2016 मध्ये न्यूझीलंडमध्ये या पंथाचं कायदेशीर लग्न लागलं. नेदरलँड्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने मात्र 2018 मध्ये याला धर्म मानायला नकार दिला, आणि मला तो निकाल पटतो. चाळणीत माझा जीव अडकत नाही. मला ते पत्र मोलाचं वाटतं.

कॅन्ससच्या मंडळाने नोव्हेंबर 2005 मध्ये उत्क्रांतीवर शंका घेणारा अभ्यासक्रम 6 विरुद्ध 4 मतांनी मंजूर केला. पुढच्या निवडणुकीत सदस्य बदलले आणि फेब्रुवारी 2007 मध्ये तितक्याच मतांनी तो रद्द झाला. दोन माणसं इकडची तिकडे झाली की मुलांचं विज्ञान बदलतं, याची मला भीती वाटते.

ती भीती लांबची नाही. 2023 मध्ये एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. आमच्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. त्या जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा मी ते चित्र कपाटाच्या दारावरून काढलं, फळ्याशेजारी लावलं आणि पहिला धडा सुरू केला.