हार्मोनचा रिपोर्ट नॉर्मल, मग एंडोमेट्रिओसिस शांत का होत नाही?

एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर रुजणं. या आजाराच्या फाइलमध्ये हार्मोनचे रिपोर्ट हमखास सापडतात, आणि बरेचदा ते नॉर्मल असतात. यात नवल काही नाही. रक्तात इस्ट्रोजेन किती, यावरून गर्भाशयाबाहेर रुजलेल्या अस्तरात ते किती तयार होतंय हे कळत नाही. (त्यासाठी पुन्हा पुन्हा रक्त देण्यात अर्थ नाही.)

हे अस्तर स्वतःच इस्ट्रोजेन बनवतं. त्यासाठी लागणारं अरोमाटेज एन्झाइम गर्भाशयाच्या निरोगी अस्तरात जवळपास नसतंच. इथे मात्र सूज ते चालू करते. पाळीचं थोडं रक्त गर्भनलिकांतून उलटं पोटात उतरतं, ते साफ करायला मॅक्रोफेज पेशी जमतात आणि इंटरल्युकिन-१ बीटा, टीएनएफ-अल्फा ही सूज वाढवणारी रसायनं सोडतात. त्याने कॉक्स-२ हे एन्झाइम वाढतं, त्यातून प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे रसायन बनतं. कळा येतात त्या यानेच, आणि अरोमाटेजला चेव येतो तोही यानेच. तयार झालेलं इस्ट्रॅडिओल (इस्ट्रोजेनचाच जोरकस प्रकार) पेशीतल्या बीटा रिसेप्टरमार्फत, म्हणजे हार्मोनचा संदेश झेलणाऱ्या रेणूमार्फत, पुन्हा कॉक्स-२ वाढवतं, की चक्र परत सुरू. एरवी प्रोजेस्टेरॉन इस्ट्रॅडिओलचं सौम्य इस्ट्रोनमध्ये रूपांतर करवून घेतं, पण या पेशींत प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टरच कमी.

म्हणून मेफेनॅमिक ॲसिड किंवा नॅप्रोक्सेनसारखं पेनकिलर कळा असह्य झाल्यावर घेतलं की पुरेसं लागू पडत नाही. ते नवं प्रोस्टाग्लँडिन अडवतं, आधीच बनलेलं पुसत नाही. पाळीची चाहूल लागताच, जेवणानंतर, डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसात घ्यावं. अल्सर, किडनीचा त्रास किंवा दमा असेल तर आधी विचारावं. मेफेनॅमिकनंतर पुरळ, ताप, गाठी सुजणं असं काही दिसलं तर गोळी बंद करून लगेच डॉक्टर गाठावा. भारतीय औषधकोश आयोगानेही २०२३ मध्ये तसा इशारा दिला होता.

पेनकिलरने इस्ट्रोजेनची बाजू मोकळीच राहते. तिथे डायनोजेस्ट ही प्रोजेस्टेरॉनसारखी गोळी लागते, रोज २ मिग्रॅ, खंड न पाडता. पहिले काही महिने अधूनमधून स्पॉटिंग (थोडं थोडं रक्त जाणं) होतं आणि नेमकी तेव्हाच गोळी सोडली जाते. स्पॉटिंग म्हणजे औषध फसलं असं नव्हे. मात्र या गोळीवर गर्भनिरोधक म्हणून विसंबू नये, आणि मूल हवं असेल तेव्हा ती चालत नाही, कारण ती अंडं बाहेर पडणंच दाबते.

इस्ट्रोजेन बनणंच थांबवणाऱ्या ल्युप्रोलाइडच्या इंजेक्शनने पहिले एक-दोन आठवडे दुखणं वाढू शकतं, कारण पिट्युटरी (बीजकोशांना हुकूम देणारी मेंदूतली ग्रंथी) आधी चाळवते, मग थंडावते. नंतर इस्ट्रोजेन इतकं उतरतं की हाडं झिजतात. म्हणून लांबवर चालवायचं असेल तर सोबत थोडं हार्मोन परत द्यावं लागतं.